गुंडाळताना न तडकणारा चॉकलेट-अक्रोड रोल : माझा अनुभव

चॉकलेट-अक्रोड रोलची कोणतीही पाककृती उघडा, स्पंजसाठी, म्हणजे केकच्या पातळ मऊ थरासाठी, दहा-बारा ओळी असतात, सारणासाठी आठ-दहा असतात, आणि ज्या एका कृतीमुळे या पदार्थाला त्याचे नाव व रूप मिळते तिच्यासाठी मात्र ‘आता हलक्या हाताने गुंडाळून घ्या’ एवढे एकच वाक्य असते. गेल्या नाताळात मला याच वाक्याने सर्वांत जास्त अडवले. त्याचा राग अजून मनातून गेलेला नाही, आणि दुसऱ्या कोणाचे अंडी, अक्रोड व चॉकलेट असे वाया जाऊ नये, म्हणून मला उमगलेले सगळे येथे सविस्तर लिहीत आहे.

आमच्या माहीमच्या इमारतीत दिवाळीला आमच्याकडून चकल्या आणि करंज्या शेजारी जातात, आणि नाताळला शेजारच्या काकूंकडून कुलकुल व मार्झिपान येते. मुलांना सुट्टी होती, म्हणून या वेळी आपणही नाताळचेच काही करून त्यांच्याकडे पाठवावे असे ठरवले. फ्रान्समध्ये नाताळला लाकडाच्या ओंडक्याच्या आकाराचा गुंडाळलेला केक करतात. त्याला ब्यूश द नोएल म्हणतात, आणि नाताळच्या रात्री चुलीत मोठा ओंडका जाळण्याच्या जुन्या प्रथेवरून तो आकार आला आहे. मी केलेला रोल त्याच घराण्यातला आहे, फक्त त्यात अक्रोड भरपूर आहे.

खरेदीत काहीच अडले नाही. अक्रोड मशीद बंदरच्या सुक्या मेव्याच्या बाजारातून आणले आणि बाकीचे सामान क्रॉफर्ड मार्केटजवळच्या केकसाहित्याच्या दुकानांतून. दोनच गोष्टींकडे लक्ष द्यावे. काश्मीरचा नवा अक्रोड सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरतो, त्यामुळे डिसेंबरात ताजा माल मिळायला हवा. तरीही एक अक्रोड तोंडात टाकून पाहिल्याशिवाय घेऊ नये, कारण त्यातले तेल लवकर खवट होते आणि तो खवटपणा चॉकलेटनेही झाकला जात नाही. दुसरे म्हणजे चॉकलेटच्या वेष्टनावरील घटक वाचावेत. कोको बटरऐवजी वनस्पती चरबी लिहिलेली असेल तर ते कंपाउंड चॉकलेट आहे. साच्यात ओतून वड्या पाडायला ते सोयीचे असले, तरी या सारणात ते जिभेवर मेणचट लागते.

घरगुती ओटीजीत, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, २३ बाय ३० सेंटिमीटरचा ट्रे बसतो, त्यासाठीचे प्रमाण असे : तीन अंडी, ७५ ग्रॅम पिठीसाखर, ३५ ग्रॅम मैदा, २० ग्रॅम कोको, ३० ग्रॅम अक्रोडाची पूड, एक मोठा चमचा तेल, एक मोठा चमचा गरम दूध आणि चिमूटभर मीठ. अंडी व साखर एवढी फेटावीत की बीटर उचलल्यावर पडणारी धार पृष्ठभागावर काही क्षण तशीच दिसत राहील. मग कोरडे जिन्नस चाळून आणि शेवटी तेल-दूध हलकेच मिसळावे. लोण्याऐवजी तेल मुद्दाम घेतले आहे, कारण फ्रिजमध्ये लोणी घट्ट होते आणि त्याबरोबर स्पंजही ताठर होतो.

आता खरा अडथळा.

मी ज्या कृतीवरून सुरुवात केली, तिच्यात स्पंज १८० अंशांवर १५ ते २० मिनिटे भाजून पूर्ण गार होऊ द्यावा आणि मग सारण लावून गुंडाळावा, असे स्पष्ट लिहिले होते. ते अक्षरशः पाळले. स्पंज सुंदर फुगला, पंख्याखाली पूर्ण गार झाला, आणि पहिल्याच वळणावर त्याला आडवी भेग पडली. दुसऱ्या वळणावर ती आरपार गेली, आणि तिसऱ्या वळणापर्यंत हातात सारणाने चिकटवलेल्या तीन वेगळ्या पट्ट्या उरल्या. मुलांनी ते वाटीत घालून आनंदाने खाल्ले, पण शेजारी पाठवायचे ते हे नव्हे. दुसऱ्या एका कृतीत भेग पडल्यास वरून चॉकलेट लावून ती झाकावी असा सल्ला मिळाला. हा सल्ला मला अजिबात पटत नाही. भेग झाकता येते हे खरे, पण आतला स्पंज कोरडा असल्यामुळेच ती पडलेली असते, आणि तो कोरडेपणा खाणाऱ्याच्या तोंडात लपत नाही.

मग गुंडाळण्यामागचे कारण शोधून काढावे लागले. स्पंज ओव्हनमधून बाहेर येतो तेव्हा त्यातील अंडे नुकतेच घट्ट झालेले असते, मैद्यातला स्टार्च पाणी शोषून मऊ झालेला असतो आणि आत वाफ कोंडलेली असते, म्हणून त्या वेळी तो वाकवाल तसा वाकतो. गार होताना वाफ निघून जाते, स्टार्च ताठ होऊ लागतो, आणि स्पंज ज्या आकारात गार झाला तोच आकार धरून बसतो. सपाट गार झालेला स्पंज वळवायला गेल्यावर तुटतो, यात त्याचा काय दोष? आपल्या सुरळीच्या वड्यांचे पीठ गरम असतानाच ताटावर पातळ पसरावे लागते, कारण एकदा थंडावले की ते आपले ऐकत नाही. स्पंजचेही तसेच आहे, आणि हे एक वाक्य त्या पाककृतीत असते तर माझा सगळा खटाटोप वाचला असता.

म्हणून पहिला नियम असा की स्पंज गरम असतानाच, रिकामा, कापडासकट गुंडाळायचा आणि गुंडाळलेल्या अवस्थेतच गार होऊ द्यायचा. त्यासाठी ट्रे ओव्हनमध्ये जाण्याआधीच सगळी तयारी हवी. ओट्यावर धुतलेला सुती पंचा पसरून ठेवावा. टर्किश टॉवेल घेऊ नये, त्याचे धागे स्पंजला चिकटतात, आणि सुगंधी साबणाने धुतलेले कापडही नको, कारण गरम स्पंज तो वास ओढून घेतो. पंचावर कोको भुरभुरावा. बऱ्याच ठिकाणी पिठीसाखर भुरभुरायला सांगतात, पण मुंबईच्या दमट हवेत वाफाळत्या स्पंजखाली ती लगेच विरघळते आणि कापडच स्पंजला चिकटते.

दुसरी गोष्ट भाजण्याच्या वेळेची. एवढ्या पातळ स्पंजला १५ ते २० मिनिटे फारच जास्त होतात. माझ्या ओटीजीत मधल्या कप्प्यात, वरची व खालची अशा दोन्ही सळया चालू ठेवून, १८० अंशांवर दहा मिनिटे पुरतात. आठव्या मिनिटापासून बोटाने मध्यभागी हलके दाबून पाहावे. पृष्ठभाग पुन्हा वर आला की त्याच क्षणी ट्रे बाहेर काढावा. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यांत बराच फरक असू शकतो, त्यामुळे आत ठेवायचा छोटा तापमापक विकत घेणे फायद्याचे आहे.

ट्रे बाहेर आला की पुढची दोन-तीन मिनिटे महत्त्वाची. स्पंज पंचावर उलटा करावा आणि ट्रेमध्ये मिश्रणाखाली घातलेला कागद सोलून काढावा. किराणा दुकानात बटर पेपर म्हणून मिळणारा पातळ कागद स्पंजला चिकटतो आणि सोलताना वरचा थर ओढून नेतो, म्हणून केकच्या दुकानातला बेकिंगचाच कागद घ्यावा आणि त्यालाही तेलाचा हात फिरवावा. मग धारदार सुरीने चारही बाजूंनी साधारण एक सेंटिमीटर कड कापून टाकावी. ही कड सर्वांत आधी वाळते आणि भेगेची सुरुवात तिथूनच होते. ती कापायला मला फार जिवावर येत असे, पण तिला पर्याय नाही. ज्या बाजूने गुंडाळायचे, तिथे कडेपासून दोन सेंटिमीटरवर सुरीने अर्ध्या जाडीपर्यंत एक आडवी चीर द्यावी, म्हणजे पहिले वळण न दुखावता बसते. आखूड बाजूकडून पंचासकट गुंडाळावे, जोड खाली ठेवावा आणि पंख्यापासून दूर गार होऊ द्यावे. पंखा आपण सवयीने लावतो, पण तोच स्पंजचा पृष्ठभाग वाळवतो.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. गुंडाळी पूर्ण थंड होईपर्यंत वाट पाहायची नाही. हाताला कोमट लागत असतानाच ती उघडावी, आतल्या बाजूने कॉफी घातलेला साखरेचा पातळ पाक ब्रशने लावावा आणि लगेच सारण पसरावे. उघडताना आतले टोक किंचित वळलेलेच राहते. ते जबरदस्तीने सपाट करू नये, त्या वळणातच सारण लावावे. या रीतीने केलेला रोल पहिल्यांदा अखंड हातात आला, तेव्हा मला जो अभिमान वाटला तो मी लपवणार नाही.

सारण सोपे आहे. १५० ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरून त्यावर १०० मिलिलिटर कडकडीत तापवलेले क्रीम ओतावे, दोन मिनिटे थांबून मधून बाहेर ढवळत जावे, आणि लोण्यासारखे पसरेल इतपत घट्ट होऊ द्यावे. डब्यात मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश साधारण २५ टक्के असतो, म्हणून येथे चॉकलेट क्रीमपेक्षा जास्त घेतले आहे. समसमान घेतल्यास मुंबईच्या डिसेंबरात सारण कडेने वाहते. वर भाजून चिरलेले ६० ग्रॅम अक्रोड पेरावेत. अक्रोड १६० अंशांवर आठ-दहा मिनिटे भाजून, गरम असतानाच फडक्यात चोळून साल काढली की कडवटपणा बराच कमी होतो. तुकडे मुगाएवढेच हवेत, कारण मोठा तुकडा गुंडाळताना स्पंज आतून फाडतो. दूरच्या कडेला दोन सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी, सारण पुढे सरकत तिथे पोहोचतेच.

वर सांगायचे राहिले ते असे की स्पंजसाठी अक्रोडाची पूड करताना त्यात प्रमाणातला मैदा घालूनच मिक्सर थांबवत थांबवत फिरवावा, नाहीतर अक्रोडाला तेल सुटून गोळा होतो.

गुंडाळलेला रोल कागदात घट्ट बांधून चार तास फ्रिजमध्ये ठेवावा, मग त्याच चॉकलेट-क्रीमचा पातळ थर बाहेरून लावून काट्याने लाकडासारख्या रेघा ओढाव्यात. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, प्रत्येक कापाला हेच करावे. कोणाकडे न्यायचा असेल तर फ्रिजमधून थेट बंद डब्यात घालावा आणि पोहोचल्यावरही डबा थोडा वेळ तसाच बंद ठेवावा, म्हणजे हवेतले दव चॉकलेटवर न बसता डब्याबाहेर बसते.

काकूंना रोल इतका आवडला की त्यांनी कृती मागून घेतली. इमारतीतल्या ज्यांना अंडे चालत नाही, त्यांनीही विचारणा केली. कंडेन्स्ड मिल्कचा स्पंज मी त्यांना सुचवत नाही, तो इतका वाकत नाही. त्यांच्यासाठी मारी बिस्किटांचा चुरा, कोको, थोडे दूध आणि लोणी मळून, प्लास्टिकच्या कागदावर लाटून, अक्रोड-खोबऱ्याचे सारण भरलेला न भाजता होणारा रोल करावा. मात्र त्याचा नियम नेमका उलटा आहे : लाटलेली पोळी गरम हवेत मऊ पडून चिकटते, म्हणून ती दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून गार असतानाच गुंडाळावी.