‘वामन’ आलं की गाणं संपलं

गेला महिनाभर दर रविवारी दुपारी आमच्या घरी एकच काम चालतं. आई लसूण सोलत बसते आणि गाते, मी दोनशे पानी वहीत उतरवून घेते. आईला लिहितावाचता येत नाही, बँकेत ती अजून अंगठाच लावते. पण आंबेडकरी चळवळीतले लोककवी वामनदादा कर्डक यांची तीसेक गाणी तिला धृपदापासून शेवटच्या अंतऱ्यापर्यंत पाठ आहेत. ती तिच्याबरोबर जाऊ नयेत म्हणून ही वही.

पहिल्याच रविवारी तिने मला थांबवलं. ‘भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते’ हे गाणं चालू होतं. पुढची ओळ मी माझ्या सवयीने ‘तलवारीचे त्यांच्या’ अशी लिहिली आणि वाचून दाखवली.

“त्यांच्या न्हाई, तयांच्या. तू म्हणतीस तसं म्हटलं की चाल लंगडती.”

मी म्हटलं, अगं आई, अर्थ तोच आहे. तिने हातातली पाकळी सुपात टाकली आणि दोन्ही तऱ्हेने गाऊन दाखवलं. तिचंच खरं होतं. रात्री मी मात्रा मोजत बसले. गा म्हणजे दीर्घ, ल म्हणजे ऱ्हस्व: गागालगा लगागा, गागालगा लगागा. चक्क आनंदकंद वृत्त! ‘तलवारीचे’मधली री लिहिताना दीर्घ आहे, पण आई गाताना ती ऱ्हस्वच म्हणते, आणि वृत्तालाही तिथे ऱ्हस्वच हवी. वृत्तं मी बी. ए.ला मार्कांसाठी पाठ केली होती. दादांना शाळा मिळाली नव्हती आणि आईलाही नाही. तरी एकाने ओळ बिनचूक बांधली आणि दुसरीने ती पन्नास वर्षं बिनचूक सांभाळली.

दादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. म्हणजे देश स्वतंत्र झाला त्या दिवशी ते बरोबर पंचवीस वर्षांचे झाले. पोटासाठी मुंबईत आले, गिरणीत राबले, कोळसा उचलला, चिक्की विकली. शिवडीच्या चाळीत राहत असताना कुणीतरी त्यांच्याकडे पत्र वाचून घ्यायला आलं. धडधाकट तरुण माणूस, पण त्यांना ते वाचता येईना. त्या गोष्टीचं त्यांना रडू आलं. मग देहलवी नावाच्या मास्तरांनी त्यांना अक्षरं शिकवली, आणि जोडाक्षरं त्यांनी दुकानांच्या पाट्या वाचून घोटली. १९४३मध्ये त्यांनी पहिलं गाणं रचलं, एका हिंदी सिनेगीताचं विडंबन. तिथून पुढे ८१व्या वर्षी, १५ मे २००४ला जाईपर्यंत ते रचत राहिले आणि गावोगाव गात राहिले.

पाट्यांची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ‘सांगा आम्हाला बिर्ला बाटा टाटा कुठाय हो’ हे त्यांचंच गाणं. देशातल्या धनाचा साठा कुठे आणि त्यातला आमचा वाटा कुठे, असा त्यात रोकडा सवाल आहे. बाटा, टाटा, साठा, वाटा. हे यमक पुस्तक उघडून सापडलेलं नाही. रस्त्याने चालता चालता दुकानांच्या कपाळावरची अक्षरं जुळवणाऱ्या माणसालाच ते सापडावं, असं मला आपलं वाटतं. ज्या पाट्यांनी वाचायला शिकवलं, त्यांच्यावरचीच नावं घेऊन त्याने हिशेब मागितला.

आणि ‘पाच लोक’वाल्या गाण्याला जयंतीच्या मिरवणुकीत टाळ्या पडतात, पण ते निव्वळ जयजयकाराचं गाणं नाही. त्यातला ‘जर’ ऐका. लाखोंच्या समाजात बाबासाहेबांच्या मताची पाच माणसं असती तर, असं ते म्हणतायत. आपल्याच माणसांना तोंडावर सुनावलेलं आहे ते, आणि तेही अशा चालीत की सुनावून घेणाऱ्यांनीच ते उचलून धरलं. डोळ्यांत पाणी आणणारी गाणी पुष्कळांनी लिहिली. ऐकणाऱ्याला मान खाली घालायला लावून वर त्याच्याच तोंडी बसणारं गाणं मी दुसरं ऐकलेलं नाही. (‘सांगा या वेडीला, माझ्या गुलछडीला’ हे १९५९च्या ‘सांगत्ये ऐका’ सिनेमातलं गाणंही दादांचंच. ते गुणगुणणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असतं?)

आईने दादांना कधी पाहिलं नाही. तिच्या माहेरी, येवल्याकडे, दरसाल गायन पार्टी यायची. पेट्रोमॅक्सच्या उजेडात रात्रभर कार्यक्रम चालायचा. दुसऱ्या दिवशी निंदणीला गेलेल्या बाया रात्रीची गाणी जुळवत बसायच्या, एकीला एक ओळ आठवायची, दुसरीला दुसरी. संध्याकाळी पाटी डोक्यावर घेऊन घरी येईतो गाणं पुरं व्हायचं.

मी विचारलं, पण पुरं झालं हे कळायचं कसं?

“वामन आलं की झालं.”

तुकोबांच्या अभंगात ‘तुका म्हणे’ येतं तसं दादा शेवटच्या अंतऱ्यात आपलं नाव गुंफतात. बायांच्या लेखी ती सही होती. नाव सापडेपर्यंत त्या हार मानत नसत.

परवाच्या रविवारी आईने वही मागितली. पदराला हात पुसून पान आपल्याकडे वळवलं. “ह्याच्यात वामन कुठंय?” मी तिचं बोट धरून त्या तीन अक्षरांवर ठेवलं. बराच वेळ ती बघत राहिली. मग पान उलटलं, गाण्याच्या तळाशी आली आणि ओळीवरून बोट सरकवत स्वतःच एका ठिकाणी थांबली.

तिथे ‘जीवन’ होतं. मी काही बोलायच्या आत तिने मान हलवली, बोट उचललं आणि खालच्या ओळीवर नेलं.