खोली सोडताना

हॉटेलातल्या मुक्कामाच्या शेवटच्या सकाळी, बॅगेची चेन अर्धी लागलेली असताना, सासूबाई न्हाणीघरातून बाहेर आल्या आणि तळहातावरच्या तीन चिमुकल्या बाटल्या पुढे करून त्यांनी मला विचारले, "अगं, या आपल्याच ना?" प्रश्न साधा होता, पण त्यातल्या ‘आपल्या’ने मला क्षणभर अडवले. बाटल्यांची किंमत भाड्यात धरलेली असते म्हणून त्या आपल्या म्हणाव्यात, तर ते पटण्यासारखे होते. पण आपण भरलेल्या भाड्याच्या खोलीत त्या होत्या एवढ्याच कारणाने त्या आपल्या म्हणाव्यात, तर भिंतीवरचा आरसाही आपलाच ठरला असता. मी "हो, घ्या" म्हटले. त्यांनी बाटल्या रुमालात गुंडाळून बॅगेच्या कोपऱ्यात ठेवल्या, आणि माझ्या त्या एका होकाराच्या बळावर त्या पुन्हा आत जाऊन शॉवर कॅप, कान साफ करायच्या काड्या आणि सुईदोऱ्याची काडेपेटीएवढी पेटीही घेऊन आल्या.

यातला बराचसा भाग वादाचा नाहीच. साबणाची वडी, शाम्पू, शॉवर कॅप, दाढीचे एकवार वापरायचे रेझर, पातळ तळव्याच्या पांढऱ्या स्लिपर, फोनशेजारची छोटी वही आणि तिच्यावर आडवे ठेवलेले पेन या वस्तू हॉटेलने घाऊक भावात घेतलेल्या असतात त्या संपण्यासाठीच. उघडलेला साबण दुसऱ्या पाहुण्यापुढे ठेवता येत नाही, कोणीतरी पायात घातलेल्या स्लिपर तर नाहीच नाही; त्यामुळे आपण त्या नेल्या काय किंवा मागे ठेवल्या काय, हॉटेलच्या हिशेबात त्या खर्ची पडलेल्याच असतात. पेनाचे तर उलटेच आहे. त्याच्यावर हॉटेलचे नाव छापलेले असते ते पेनाने टेबलाच्या खणात निजून राहावे म्हणून नव्हे. ते चार खिशांतून फिरले, बँकेत कोणी उसने मागितले आणि परत करायचे विसरला, तर हॉटेलला ते हवेच असते.

याउलट जे धुऊन, पुसून, इस्त्री करून उद्याच्या पाहुण्यासाठी पुन्हा जागच्या जागी ठेवले जाणार आहे, ते आपले नाही. टॉवेल, चादर, उशीचा अभ्रा, हँगर, किटली, केस वाळवायचे यंत्र आणि रिमोटमधले सेलसुद्धा. सेल मी मुद्दाम लिहिते आहे, कारण एका मुक्कामात रिमोट तळहातावर आपटून, उलटसुलट फिरवून झाल्यावर मागचे झाकण उघडले तेव्हा दोनांपैकी एका सेलची जागा रिकामीच आढळली. नेणाऱ्याने एकच का नेला असेल, याचा विचार मी पुढचे दोन दिवस करत होते.

खरी पंचाईत मधल्या वस्तूंची होते. धुवायचे कपडे भरायची पिशवी पातळ प्लास्टिकची असेल तर नेली तरी चालते, पण तीच जाड कापडाची असून तिच्यावर हॉटेलचे नाव भरतकामात असेल तर ती परत यायची असते. दाराआडच्या खुंटीवर लांब दांड्याची छत्री असते, ती पावसात बाहेर पडण्यापुरती. बाथरोबचे आकर्षण मात्र भल्याभल्यांना आवरत नाही. त्यात शिरल्याबरोबर माणसाला आपण मोठे झाल्यासारखे वाटते आणि तो अंगावरून उतरवणे म्हणजे पदावरून उतरण्यासारखेच असते. हॉटेलवाल्यांना ही दुर्बळता ठाऊक आहे, म्हणून तर पुष्कळ ठिकाणी त्याच्या खिशात ‘आवडल्यास विकत मिळेल’ असे नम्रपणे लिहिलेले, म्हणजे ‘नेलात तर बिलात लागेल’ असे सुचवणारे कार्ड असते. वेस्टिन या हॉटेलसाखळीने १९९९ मध्ये आपल्या खोल्यांसाठी खास पलंग तयार करून घेतला, तेव्हा पाहुण्यांनी गादी कुठे मिळते याची इतकी चौकशी केली की कंपनीने पुढे ती विकायलाच काढली. मागितल्यावर जी वस्तू विकत मिळते तिच्याबाबतचा शिष्टाचार फारच सोपा होऊन जातो.

"आम्ही एवढे पैसे मोजले आहेत" हा या विषयातला सर्वांत आवडता युक्तिवाद, आणि तो करणारी माणसे एरवी अगदी नाकासमोर चालणारी असतात. रस्त्यात सापडलेले पाकीट ती पोलिसांत नेऊन देतील, दुकानदाराने चुकून जास्त दिलेली मोड परत करतील, पण टॉवेलची घडी बॅगेत सरकवताना त्यांना चोरी हा शब्द सुचतही नाही. तिथे ‘आठवण म्हणून आणला’ असे त्या कृत्याचे बारसे होते. वास्तविक आपण मोजलेले पैसे वापराचे असतात, वस्तूचे नव्हे. रेल्वेचे तिकीट काढले म्हणून बाकावरची गादी उसवून नेण्याचा अधिकार मिळत नाही, हे या माणसांना पटते. मात्र हॉटेलची खोली दोन रात्री आतून कडी लावून वापरलेली असल्यामुळे तिच्याविषयी एक घरपण तयार होते, आणि घरातली वस्तू घरात नेण्यात कसली आली चोरी, असे मन आपले आपणच ठरवून टाकते. त्यातून ज्याचे नुकसान व्हायचे तो मालक दिसत नाही. स्वागतकक्षात बसणारा नोकरदार, बॅगा उचलणारा नोकरदार, मालक म्हणजे नुसती दारावरची अक्षरे; आणि अक्षरांची चोरी केल्याने कोणाला वाईट वाटत नाही.

पण टॉवेलचा हिशेब अक्षरे ठेवत नाहीत, माणसे ठेवतात. हॉटेलात खोलीमागे टॉवेल-चादरींचे साधारण तीन संच धरावे लागतात: एक खोलीत, एक धुलाईत आणि एक कपाटात. या फिरत्या रहाटातला एक पोहरा निखळला की कोणातरी पाहुण्यापुढे ओला किंवा विटका टॉवेल येतो. खोल्या आवरणारी बाई सकाळी गाडीवर मोजून घेतलेले टॉवेल संध्याकाळी मोजून देते, आणि मोजणीत कमी भरले की पहिला प्रश्न तिलाच येतो. आता काही हॉटेलांत टॉवेलच्या शिवणीत बटणाएवढी इलेक्ट्रॉनिक चकती शिवलेली असते. तिचे मुख्य काम धुलाईला गेलेले किती आणि परत आले किती हे न मोजता सांगणे. पण दारातून बाहेर पडणारा टॉवेलही तिच्यामुळे कळू शकतो. हँगरच्या बाबतीत हॉटेलांनी याहून जुनी युक्ती केली. त्यांनी हँगरचा आकडाच काढून टाकला आणि दांडीवर कायमच्या अडकवलेल्या कडीत बसेल अशी गुंडी त्याला ठेवली, म्हणजे घरी नेला तरी तो टांगायला काही उपयोगाचा नाही. अविश्वास इतक्या सभ्यपणे लाकडात कोरलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

या मोजणीचा प्रसाद आम्हालाही एकदा मिळाला आहे. बिल चुकते करून आम्ही निघणार तोच काउंटरवरचा फोन वाजला, तिथल्या मुलाने खाली मान घालून तो ऐकला आणि मग अतिशय ओशाळवाण्या आवाजात म्हणाला, "मॅडम, खोलीत एक मोठा टॉवेल कमी आहे. चुकून सामानात आला असेल का?" मी इतक्या तडफेने नाही म्हटले की मागे उभ्या असलेल्या कुटुंबाने आपले बोलणे थांबवले. पैसे भरून टाकू, असा नवऱ्याचा विचार दिसत होता. मी मात्र सगळ्यांच्या देखत बॅगा उघडायला लावल्या. तिसऱ्या बॅगेत, तळाशी, पोहण्याचे ओले कपडे घट्ट गुंडाळलेले एक बोचके निघाले आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला, पांढऱ्यावर पांढऱ्या धाग्याने विणलेले हॉटेलचे बोधचिन्ह निघाले. नवऱ्याने पहाटे पोहून आल्यावर बाकीचे सामान भिजू नये म्हणून ते बांधले होते आणि तो साफ विसरून गेला होता. तेवढ्यात खोली आवरणारी बाई जिन्यावरून खाली आली होती. टॉवेल पाहिल्यावर तिने सोडलेला सुस्कारा मला आजही ऐकू येतो, कारण त्यात राग नव्हता, सुटका होती. तिने तो ओला गोळा दोन्ही हातांनी उचलला, "राहू दे ताई, असं होतं," म्हणाली, आणि आत गेली. आमच्या हातात उरलेल्या टपकत्या कपड्यांसाठी काउंटरवरच्या मुलाने कपडे धुवायला देण्याची एक पिशवी काढून दिली. प्लास्टिकची.

टॉवेल नेणाऱ्यांची संख्या इतकी आहे की शेवटी हॉटेलांनीच त्यातून गंमत काढली. हॉलिडे इन या साखळीने २००३ च्या ऑगस्टमध्ये टॉवेल नेणाऱ्यांना माफी जाहीर करून त्यांच्याकडून टॉवेल नेल्याचे किस्से मागवले आणि पुढे त्या किश्शांचे पुस्तकही काढले. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरियाने २०१२ मध्ये, १९६० किंवा त्याआधी नेलेल्या वस्तू आणून दिल्यास कोणालाही काही विचारले जाणार नाही असे कळवले. मोबदला काही नाही, वस्तू हॉटेलच्या इतिहासात जमा. कॉफीचे भांडे किंवा चमचा साठ वर्षे एखाद्या घरात नांदला की त्याची चोरी जुनी होते आणि मग तिला वारशाचे रूप येते, हे हॉटेलने अचूक ओळखले होते. ज्यांनी तो चमचा उचलला त्यांना तो नंतर आणून द्यावासा वाटला असेलही. पण इतक्या वर्षांनी काउंटरवर जाऊन सुरुवात कशी करायची, हाच प्रश्न असणार.

एका वस्तूबाबत मात्र देणाराच ‘नेलेत तरी चालेल’ म्हणतो. अनेक देशांतल्या हॉटेलांच्या खणात बायबलची प्रत असते ती गिडियन या संस्थेची. फिरतीवर असणाऱ्या विक्रेत्यांनी १८९९ मध्ये अमेरिकेत ती स्थापन केली आणि १९०८ मध्ये मोंटाना राज्यातल्या एका हॉटेलात पहिल्या प्रती ठेवल्या. पाहुण्याने प्रत घरी नेली तर तिचा हेतू सफलच झाला, असे ते मानतात.

पुन्हा त्या चिमुकल्या बाटल्यांकडे येते, कारण त्यांच्याबाबत माझे स्वतःचे वागणे फारसे सांगण्यासारखे नाही. आमच्या कपाटातल्या एका डब्यात अशा बाटल्यांचे आणि वेष्टनातल्या साबणांचे संमेलन भरलेले आहे. ‘प्रवासात उपयोगी पडतील’ म्हणून त्या आणल्या जातात, प्रवासात नव्या मिळतात म्हणून जुन्या डब्यातच राहतात, आणि काही काळाने शाम्पूचा रंग बदलून औषधासारखा होतो. एके काळी मी रोज सकाळी न उघडलेल्या बाटल्या बॅगेत सरकवत असे, म्हणजे आवरणारी व्यक्ती जागा रिकामी पाहून नव्या ठेवील. ही लबाडी मी बरेच दिवस हुशारी समजत होते. मग एकदा टेबलावर चार बाटल्या आणि शेजारी हाताने लिहिलेली चिठ्ठी दिसली: ‘आणखी हव्या असल्यास सांगावे.’ तिच्यात टोमणा शोधायचा मी खूप प्रयत्न केला, पण तो नव्हता. लिहिणाऱ्याला खरोखरच वाटले होते की माझे केस फार लांब आहेत. सांगितले की मिळते, हे मला तेव्हा कळले, आणि मागून घेता येत असताना उचलण्यातली मजा गेली. बोळात कोणी नसताना आवराआवरीच्या गाडीवरून मूठभर वड्या उचलणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे; गाडी खोलीत येत नाही, आणि भाडे खोलीचे असते.

वापरून राहिलेल्या वड्यांचेही आता काही तरी होते. अमेरिकेतली ‘क्लीन द वर्ल्ड’ ही संस्था २००९ पासून हॉटेलांतले उरलेले साबण गोळा करते, निर्जंतुक करून त्यांच्या नव्या वड्या पाडते आणि गरजूंना वाटते. म्हणजे अर्धी वडी मागे ठेवणे हेही काही ठिकाणी दान ठरते. बाटल्यांवर मात्र संक्रांत आली आहे. कॅलिफोर्नियात पन्नासहून अधिक खोल्यांच्या हॉटेलांना २०२३ पासून छोट्या प्लास्टिक बाटल्या ठेवण्यास कायद्याने मनाई झाली आणि पुढच्या वर्षी लहान हॉटेलांनाही ती लागू झाली. शांघायमध्ये २०१९ पासून दात घासायचा ब्रश, कंगवा, रेझर या वस्तू मागितल्याशिवाय देत नाहीत. जपानात २०२२ मध्ये प्लास्टिकचा वापर कमी करण्याचा कायदा लागू झाल्यावर बऱ्याच हॉटेलांनी या वस्तू खोलीतून काढून खाली एका टेबलावर मांडल्या, ज्याला जे हवे त्याने ते घ्यावे. सर्वांच्या देखत हात पुढे करायचा म्हटल्यावर किती जणांना तीन-तीन कंगवे लागतात, हे पाहायला मला त्या टेबलापाशी थोडा वेळ बसायला आवडेल. आणि बाटलीच्या जागी भिंतीला जो मोठा डबा आला आहे, त्याला कुलूप आहे. मागच्या प्रवासात सासूबाईंनी तो हाताने चाचपून पाहिला आणि काही न बोलता बाहेर आल्या.

हॉटेलातून नेलेल्या वस्तूंत जिच्यावर नेणाऱ्याचाही दावा नसे अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे खोलीची किल्ली. ती विसरून खिशात जाऊ नये म्हणून तिला पितळेचा जड बिल्ला अडकवलेला असे, तरी ती जाई. म्हणून अमेरिकेत कित्येक हॉटेलांच्या बिल्ल्यांवर ‘कोणत्याही टपालपेटीत टाका, टपालखर्च आम्ही देऊ’ असे कोरलेले असायचे. आताचे प्लास्टिकचे कार्ड कोणी परत मागत नाही, आणि आपण गेल्यावर ते आपोआप निकामीही होते.

माझ्या वडिलांच्या कोटात अशी एक किल्ली आली होती. बाबा म्हणजे उसना घेतलेला टाचणीचा डबा टाचण्या मोजून परत करणारे गृहस्थ. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी कोट खुंटीवर वाकडा का लटकतो आहे हे पाहायला गेले आणि खिशातून तो बिल्ला निघाला, तेव्हा त्यांना रात्रभर झोप आली नाही. आपल्यामुळे ती खोली बंद पडली असेल, एवढेच ते आईला पुन्हा पुन्हा सांगत होते. सकाळी त्यांनी किल्ली पुठ्ठ्याच्या पेटीत घालून, वर सुतळी बांधून, रजिस्टर्ड पोस्टाने रवाना केली आणि सोबत दिलगिरीचे पत्र जोडले. त्या पत्राचा कच्चा खर्डा परवा त्यांच्या फायलीत सापडला. ‘अनवधानाने’ हा शब्द खोडून ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’ असे केले आहे, ‘आपल्या मालकीची वस्तू’ याच्याखाली रेघ मारली आहे, अक्षर नेहमीसारखे टपोरे आणि सरळ आहे; आणि कागदाच्या माथ्यावर, निळ्या शाईत छापलेले, त्याच हॉटेलचे नाव आहे.