पाव शतकाचा फलक

मी आठवीत असताना आपल्या शाळेला पंचवीस वर्षं झाली. फाटकावर कापडी फलक लागला होता, ‘ज्ञानदानाचं पाव शतक’. तो वाचून आमच्या वर्गात हशा पिकला. वसईच्या पोरांना पाव म्हटलं की आधी दिसते ती सकाळची गरम लादी! मराठीच्या बाई रागावल्या नाहीत. फळ्यावर त्यांनी ‘पाव’ एवढंच लिहिलं आणि विचारलं, “बेकरीतल्या पावाला पाव का म्हणतात, सांगा बघू.”

एक जण म्हणाला, पीठ पायाने तुडवतात म्हणून. मी सांगितलं, चौघांत वाटायला लादीचे चार भाग करतात म्हणून. मला माझ्या उत्तराची फार खात्री होती. बाईंनी दोन्ही खोडली.

खायचा पाव पोर्तुगीजांचा. त्यांच्या भाषेत तो नाकातून उच्चारतात, साधारण ‘पांव’. गुजरातीतल्या ‘पांउ’मध्ये ते अनुनासिक अजून ऐकू येतं, आपण ते टाकून दिलं. मूळ लॅटिन ‘पानिस’. आपली वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती. बाई म्हणाल्या, “किल्ला चिमाजीअप्पांनी घेतला, पाव मात्र इथेच राहिला.”

पाव शतकातला पाव याहून कितीतरी जुना. तो संस्कृत ‘पाद’, म्हणजे पाय. चार पायांच्या जनावराचा एक पाय हा चौथा हिस्सा, म्हणून पाद म्हणजे चतुर्थांश. श्लोकाच्या चौथ्या भागालाही पादच म्हणतात. प्राकृतातून घासत घासत त्याचा पाव झाला. पाद उणा तो पाऊण, पादासकट तो सपाद, म्हणजे सव्वा. माझे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी धडाधड म्हणत. तो पाढा नसून पायांचा हिशोब आहे हे मला त्या दिवशी कळलं. चार आण्यांची पावलीही त्यातलीच. पंचवीस पैशांचं ते नाणं २०११ साली चलनातून गेलं, तेव्हा मी एक जपून ठेवलं. पाय म्हणणारा माझा वर्गमित्र तर अगदी दाराशी पोहोचला होता. पाय होताच, फक्त दुसऱ्या पावात.

तास संपत आला तरी बाईंनी तिसरा पाव काढला. ‘संकटी पावावे’ आपण रोज आरतीत म्हणतो, गावचा देव नवसाला पावतो. हा ‘प्राप्’वरून आलेला, मिळणं, पोहोचणं या अर्थाचा. घेतल्याची खूण ती पावती. गेल्या महिन्यात आपल्या शाळेच्या या सुवर्णमहोत्सवाच्या निधीची पावती हातात पडली, आणि हे सगळं लिहावंसं वाटलं ते तिच्यामुळेच.

तीन कुळांचे तीन शब्द, आणि मराठीत येऊन तिघांचं रूप एकच. शब्दाला त्याचं गाव विचारायचं, ही सवय मला त्या एका तासाने लावली. कॉलेजात मी यंत्रं शिकलो, भाषा नव्हे. तरीही ती सवय सुटली नाही.

पुढे नोकरीनिमित्त नागोयाला गेलो. पहिल्याच आठवड्यात एक सहकारी रस्त्यावरच्या बेकरीकडे बोट दाखवून म्हणाला, “पान-या.” जपानीत पावाला ‘पान’ म्हणतात! पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर १५४३ साली उतरले, म्हणजे वसई हाती आल्यावर नऊच वर्षांनी. आमच्या बेकरीतला शब्द आणि हा, दोघे एकाच घरचे. मला राहवलं नाही, रात्री बाईंना फोन लावला. त्या तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “छान. आता तू ज्या कंपनीत आहेस ना, तो ‘कंपनी’ शब्द उघडून बघ.”

बघितला. लॅटिनमधलं ‘सोबत’ आणि तोच ‘पानिस’. एकत्र पाव खाणारे ते सोबती. कोश तसाच उघडा राहिला. डोळ्यांपुढे आपला मागचा व्हरांडा आला, मधली सुट्टी, एका लादीचे सहा पाव आणि आम्ही नऊ जण.