आमची वाटचाल : पेटाऱ्यापासून दुसऱ्या सीझनपर्यंत

मालिकेचा पहिला सीझन प्रॉपवाल्याला, म्हणजे शूटिंगसाठी मुखवटे-वस्तू करून देणाऱ्याला, पोसत नाही, पोसतो तो दुसरा. पहिल्या वेळी शाडूचं मॉडेल, त्यावर साच्यासाठी सिलिकॉन, त्याच्या मागे आधाराचं कवच, चाचणीचे पीस आणि आर्ट डायरेक्टरचं "शिंगं जरा मागे घ्या ना" यातच बजेट संपतं. दुसऱ्या सीझनला साचे तयार असतात. रेझिन भरा, रंगवा, बिल लावा. म्हणून साचे कोणाच्या ताब्यात राहतात यावर आमच्यासारख्यांचं वर्ष ठरतं. आमचं एक वर्ष दुसऱ्याच्या घरात जाता जाता राहिलं, ते इथे लिहून ठेवते. करारामुळे मालिकेचं नाव देता येत नाही. समुद्रातला सात शिंगांचा राजा ज्यांना आठवतो, त्यांना कळेल.

आमचं मूळ काम दशावताराचं. सासरे कुडाळ भागातल्या मंडळांना पुठ्ठ्याचे, बेगडाचे मुकुट करून द्यायचे. पुढे जाहिरातीत 'ट्रिकसीनयुक्त' लिहिल्याशिवाय नाटकाला गर्दी होईना, तेव्हा मगर, नाग, तुटणारं मुंडकं अशी कामं आमच्याकडे आली. मगरीची पहिली ऑर्डर ज्या मंडळाच्या मालकांनी दिली, ते आजही आमचे गिऱ्हाईक आहेत. "बाये, पैशाचा मागसून बघूया, पण मगर जत्रेक होयी," एवढंच बोलले आणि जत्रेच्या दुसऱ्या सकाळी, डोळ्यांत झोप असताना, पैसे घेऊन शेडवर हजर. मुखवटा कसा करावा हेही त्यांनीच शिकवलं. रात्रभर गायचं असेल तर जबडा मोकळा हवा, वजन कपाळावर नको, डोक्याच्या मागच्या बाजूला हवं. टीव्हीवाल्यांना ही अक्कल आमच्याकडून फुकट मिळाली. त्यांचा नट बारा तासांच्या शिफ्टमध्ये मुखवटा काढायला तयार नसायचा, इतका तो हलका बसला होता.

मधली वर्षं बरी गेली. गणपतीचे देखावे, लग्नाचे मंडप.

मग मालिका आली. जवळून दिसणारा हिरो पीस फायबरचा, मारामारीतला ईव्हीए फोमचा, म्हणजे हलक्या, लवचीक शीटचा. फोमला हीट गनने गोलाई द्यायची, एसआर गोंद लावून सुकू द्यायचं आणि मगच चिकटवायचं. घाई केली की जोड उघडतोच. फायबरसाठी मी वजनकाट्याशिवाय हात लावू देत नाही. हार्डनर रेझिनच्या वजनाच्या एक ते दोन टक्के, अंदाजाने नाही. आणि नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते : कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर घट्ट करणारं द्रावण, आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, हार्डनर नंतर. दोन्ही थेट एकत्र आले तर स्फोट होतो. आमच्याकडच्या पावसाळ्यात जेलकोट, म्हणजे फायबरचा बाहेरचा गुळगुळीत थर, दिवसभर चिकट राहतो, त्यासाठी बंद खोली आणि पिवळे बल्ब ठेवा. कोणी विचारलं नाही, पण सांगून टाकलं.

पहिला सीझन संपला आणि मार्च 2020 मध्ये सगळंच थांबलं. आमचं शेवटचं बिल त्यात अडकलं. जत्राही बंद, म्हणजे दोन्हीकडून हात बांधलेले. एप्रिल 2021 मध्ये राज्यातलं शूटिंग पुन्हा बंद झालं तेव्हा बऱ्याच मालिका गोव्यात गेल्या. आमचीही गेली. कुडाळहून गोव्याच्या सीमेवरचं बांदा किती लांब? पण ऑर्डर गेली मुंबईच्या एका कंत्राटदाराला. प्रॉडक्शनचा फोन आला, "ताई, साचे फक्त रेफरन्सला पाठवा." आधी बिल द्या, मग साचे बघू, असं मी म्हटलं. त्यावर त्या कंत्राटदाराने काय करावं? प्रॉडक्शनच्या गोडाऊनमधला आमचा हिरो पीस उचलला आणि त्याच्यावरूनच साचा काढला. त्यांचा टेम्पो हायवेवरून आमच्या फाट्यापुढून गोव्यात गेला म्हणे.

धंद्यातल्या माणसाला पुढचं सांगायला नको. रेझिन सुकताना आकसतं. तयार पिसावरून साचा काढला की नवा पीस मूळच्यापेक्षा बारीकसा लहान येतो, आणि वरचं कोरीवही बोथट होतं. मुखवट्यात तेवढा फरकही नडतो. नटाचे कान कापायला लागले आणि मागच्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडशी चेहरा जुळेना. कंटिन्युइटीवाल्या मुलीने फोटो शेजारी ठेवून दाखवलं, असं मला नंतर कळलं. मे महिन्यात गोव्यातलं शूटिंगही बंद पडलं.

मला आनंद झाला असता, पण 16 मे ला तौक्ते वादळ आलं. शेडचे पत्रे उडाले, वीज गेली, आत तळं. सिलिकॉनला पाण्याने काही होत नाही. त्याच्या मागचं पीओपीचं कवच मात्र भिजून भुसभुशीत झालं, आणि कवच नसेल तर सिलिकॉनचा साचा म्हणजे नुसती लोळागोळा कातडी. बँकेचा हप्ता थकला होता. सासूबाई म्हणाल्या, शेड विकून टाक. तेव्हा ते दशावतारी मालक आले. त्यांच्या स्वतःच्या मंडळाच्या सामानाचा पेटारा बंद होता, तरी पुढच्या जत्रेच्या नागाचे पैसे आगाऊ टेबलावर ठेवून गेले. त्यातून पत्रे आले. शाडूची मूळ मॉडेलं वर माळ्यावर, प्लास्टिकमध्ये होती. त्यांच्यावर सिलिकॉन बसवून या वेळी कवचं फायबरची केली. जड साच्याला कवच फायबरचंच करा, पीओपीचे वाचवलेले पैसे एका पावसात जातात.

हिवाळ्यात प्रॉडक्शनवाले स्वतः आले. जुनं बिल घेऊन आले, हे विशेष. दुसऱ्या सीझनचे सगळे हिरो पीस आमच्या शेडमधून गेले. शेवटच्या पाटीवर प्रॉप्स म्हणून नाव मात्र मुंबईकरांचं. आम्ही 'सहाय्य'.

प्रसारणानंतर नव्वद दिवसांनी पैसे हा या धंद्याचा रिवाज. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, असेल तर 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याने सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे 45 दिवसांपुढे ताणता येत नाहीत, करारात काहीही लिहिलेलं असो. नोंदणी करून घ्या, फुकट आहे.

तिसऱ्या सीझनची बोलणी सुरू आहेत. कोटेशनमध्ये साच्यांचं भाडं वेगळं लावलंय आणि पाटीवरचं नाव कसं हवं तेही लिहून दिलंय. उत्तर यायचं आहे. कार्तिकात जत्रा सुरू होतात आणि तेव्हा मंडळांची कामं आधी, त्यामुळे आगाऊ रक्कम दिवाळीच्या आत आली तरच तारीख देईन.