माल कधी येणार? उद्यमबागेतल्या साठ्याचे गणित

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या मध्यम आकाराच्या कारखान्याचे स्टोअर उघडून पाहिले, तर नको तो माल ढिगाने पडलेला असतो आणि जो नेमका हवा तो नसतो. शेडच्या मागे ताडपत्रीखाली चार महिने पुरतील इतकी कास्टिंगे (लोखंडाचे ओतीव भाग), रॅकवर ऑइल सीलची (तेल गळू न देणाऱ्या कड्यांची) न उघडलेली खोकी, आणि तरीही असेंब्लीच्या टेबलावर एका साइजच्या सीलवाचून अडलेले सिलिंडर, हे चित्र आमच्या हायड्रॉलिक पुर्ज्यांच्या धंद्यात नवे नाही. अशाच एका कारखान्यात नियोजन आणि स्टोअर ही दोन्ही कामे मी पाहतो, आणि साठा व पुरवठा या विषयावरचे जे संशोधन हाती लागते ते वाचत असतो. त्यातले आपल्या भागाला किती लागू पडते, याविषयी माझे जे मत बनले आहे ते इथे मांडतो.

या शास्त्राची सुरुवात फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने 1913 साली मांडलेल्या सूत्राने झाली, असे सर्वसाधारणपणे मानतात. एका वेळी किती माल मागवावा, हा त्याचा प्रश्न होता. वर्षाला 12,000 सील लागतात, प्रत्येक ऑर्डरमागे वाहतूक, तपासणी आणि कागदपत्रे धरून 600 रुपये खर्च येतो आणि एक सील वर्षभर ठेवण्याचा खर्च 10 रुपये पडतो असे धरले, तर हॅरिसच्या सूत्राने एका ऑर्डरचा आकार 1,200 येतो, म्हणजे वर्षाला दहा ऑर्डरी, साधारण पाच आठवड्यांना एक. पण या सूत्राचा उपयोगी गुण वेगळाच आहे. 1,200 ऐवजी 1,800 मागवले तर एकूण खर्च जेमतेम 8 टक्क्यांनी वाढतो, आणि थेट दुप्पट मागवले तरी 25 टक्क्यांच्या पुढे जात नाही. त्यामुळे ऑर्डरच्या आकड्यावर तासन्‌तास वाद घालण्यात अर्थ नसतो, हे शंभर वर्षांपूर्वीच ठरून गेले आहे. आमच्याकडे खरेदी विभागाच्या बैठकीत मात्र बहुतेक वेळ अजूनही त्याच वादात जातो.

खरी अडचण ऑर्डर दिल्यानंतर सुरू होते. माल येईपर्यंत किती दिवस लागतील हे ठाऊक नसते, म्हणून जादा साठा ठेवावा लागतो. या जादा साठ्याचे सूत्र पाठ्यपुस्तकात असते, विद्यार्थी ते परीक्षेपुरते पाठ करतात आणि त्यात दडलेली गोष्ट तिथेच राहून जाते. समजा एका पुर्ज्याचा रोजचा खप सरासरी 100 नग आहे आणि त्यात 20 नगांचा चढउतार आहे. माल यायला सरासरी 9 दिवस लागतात आणि त्यात 3 दिवसांचा चढउतार आहे. (चढउतार म्हणजे इथे संख्याशास्त्रातले प्रमाण विचलन.) शंभरातल्या पंचाण्णव वेळा माल कमी पडू नये असे ठरवले, तर साधारण 505 नगांचा राखीव साठा लागतो. आता खपाचा अंदाज इतका अचूक झाला असे समजू की त्यातला चढउतार पूर्णपणे नाहीसा झाला. तरीही राखीव साठा 495 लागतो, म्हणजे सगळ्या अंदाजशास्त्राची कमाई दहा नगांची. पुरवठादार जवळचा शोधला आणि 9 दिवसांचे 4 दिवस झाले, पण 3 दिवसांची अनिश्चितता तशीच राहिली, तर राखीव साठा 499 वर येतो. वाटेतला माल कमी होतो, हा फायदा निश्चितच आहे. राखीव साठा मात्र जवळपास जागचा हलत नाही. उलट 9 दिवस 9 दिवसच ठेवून 3 दिवसांचा चढउतार दीड दिवसावर आणला, तर तोच आकडा 267 होतो.

आपल्यासारख्या सीमाभागातल्या छोट्या कारखान्यांच्या बाबतीत माझे सगळे म्हणणे या एका हिशेबावर उभे आहे. आमचे साठे खपाच्या अनिश्चिततेमुळे फुगलेले नसून गाडी कधी येणार हे ठाऊक नसल्यामुळे फुगलेले आहेत. संशोधनाचा, सॉफ्टवेअरचा आणि सल्लागारांचा जोर मात्र खपाच्या अंदाजावर असतो, कारण मोठ्या दुकानांच्या साखळ्यांना तो प्रश्न भेडसावतो आणि संशोधनाला लागणारी आकडेवारी त्यांच्याकडेच तयार असते. 2020 साली एम-फाइव्ह नावाची अंदाजांची मोठी स्पर्धा झाली, तीही वॉलमार्टच्या विक्रीच्या आकड्यांवर. तिच्यात यंत्रशिक्षणाच्या (मशीन लर्निंगच्या) पद्धतींनी बाजी मारली, हे मान्यच आहे. पण महिन्याला तीन गिऱ्हाइकांना माल पाठवणाऱ्या कारखान्याला त्याचा उपयोग किती, हा प्रश्न उरतो.

आमच्याकडे गाडीला उशीर का होतो, हे कोणालाही सांगता येईल. पिग आयर्न, म्हणजे ओतकामाचे कच्चे लोखंड, गोव्याहून घाट चढून येते किंवा कोप्पळ-होस्पेटकडून येते. सील, बेअरिंगे आणि टूलिंग पुण्याहून राष्ट्रीय महामार्ग 48 वरून येते. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचे पाणी कोल्हापूरशेजारच्या शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच झाले. डिसेंबर 2022 मध्ये सीमाप्रश्न तापला तेव्हा हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या नंबरच्या ट्रकांवर दगडफेक झाली आणि दोन्ही बाजूंच्या बसगाड्या थांबल्या. कोरोनाच्या काळात राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरच्या तपासण्या सगळ्यांच्या लक्षात असतीलच. वस्तू व सेवा कर 1 जुलै 2017 पासून लागू झाला, राज्यांचे विक्रीकराचे नाके गेले आणि गाड्यांचे थांबणे पुष्कळ कमी झाले, हेही तितकेच खरे आहे.

पण पूर, बंद आणि नाके या लक्षात राहणाऱ्या गोष्टी आहेत, आणि लक्षात राहणारी गोष्ट हे मुख्य कारण असतेच असे नाही. आमच्या गेटवर एक रजिस्टर असते. त्यात गाडीचा नंबर, चलन नंबर, आत आल्याची वेळ आणि वॉचमनची सही असते. खरेदी विभागाच्या फायलीत ऑर्डरची तारीख असते आणि पुरवठादाराच्या बिलावर माल निघाल्याची. या तीन तारखा तीन ठिकाणी असतात, आणि त्यांची वजाबाकी कुठेच झालेली नसते. ती एका एक्सेल शीटमध्ये शेजारी-शेजारी मांडली, तेव्हा रस्त्यावरचा वेळ बऱ्यापैकी ठराविक निघाला. पुण्याहून निघालेली गाडी एरवी दुसऱ्या दिवशी पोहोचतेच. सगळा चढउतार बिलाची तारीख आणि गाडी हलण्याची वेळ यांच्या मध्ये होता. अर्ध्या गाडीचा माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात बाकीची अर्धी गाडी भरेपर्यंत बसून राहतो. फोन केला की "निघाली आहे की साहेब, सकाळी पोचतीय बघा" असे उत्तर मिळते, आणि ती सकाळ कोणती हे गाडी भरल्यावर ठरते.

इथे संशोधनातली आणखी एक सूचना कामाची ठरते. गॅरी एपेन आणि किप मार्टिन यांनी 1988 साली दाखवून दिले की पुरवठ्याचा काळ अनिश्चित असताना, त्या काळातला खप घंटेच्या आकाराच्या प्रचलित वक्रात बसतो असे गृहीत धरून राखीव साठा काढला तर उत्तर चांगलेच चुकू शकते. आमच्या आकड्यांचा आकार पाहिला तर हे पटते: बहुतेक गाड्या आठव्या-नवव्या दिवशी येतात आणि थोड्या गाड्या सतराव्या-अठराव्या दिवशी; मधल्या दिवसांत फारसे काही नसते. अशा वेळी सरासरी आणि विचलन काढत बसण्यापेक्षा जुन्या नोंदी लहान-मोठ्या क्रमाने लावून शंभरातली नव्वदावी गाडी कितव्या दिवशी आली ते पाहणे सोपे आणि अधिक प्रामाणिक असते. मी वर सूत्रानेच हिशेब केला आहे, तो दिशा समजावी म्हणून. प्रत्यक्ष स्टोअरमध्ये नव्वदाव्या गाडीचा दिवसच वापरावा.

स्पेअर पार्टांचा प्रश्न निराळा आहे. जुन्या पंपाचा एखादा पुर्जा पाच महिने कोणी विचारत नाही आणि सहाव्या महिन्यात एकदम आठ नगांची मागणी येते. अशा खपाची सरळ सरासरी फसवी असते. क्रॉस्टन यांनी 1972 मध्ये मागणीचा आकार आणि दोन मागण्यांमधले अंतर या दोहोंचा अंदाज वेगवेगळा काढण्याची पद्धत सुचवली. पुढे सिंटेटोस आणि बॉयलन यांनी 2005 मध्ये तिच्यातला अंदाज जास्त निघण्याचा कल दुरुस्त केला. ही पद्धत एक्सेलच्या चार कॉलमांत बसते आणि तिला कोणतेही विकतचे सॉफ्टवेअर लागत नाही. माझ्या मते छोट्या कारखान्याने अंदाजशास्त्रातून निदान एवढी गोष्ट तरी उचलावी.

कारखान्याच्या आतला भागही याच अंगाने पाहता येतो. 1961 साली जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला नियम असा, की यंत्रशाळेत पडून असलेला माल म्हणजे रोजचे उत्पादन गुणिले एका नगाला आत लागणारे दिवस. रोज 200 नग बाहेर पडत असतील आणि शॉप फ्लोअरवर 3,000 नग पडून असतील, तर प्रत्येक नग सरासरी 15 दिवस आत राहतो, मग त्याच्या मशीनिंगला तासभरसुद्धा लागत नसला तरी. बाकीचा वेळ रांगेत जातो. त्याच वर्षी किंगमन यांनी रांगेतल्या वाटपाहणीचे अंदाजी सूत्र दिले. मशीन 80 टक्के व्यग्र असेल तर मध्यम चढउतार धरून वाट पाहण्याचा काळ कामाच्या काळाच्या सुमारे चौपट होतो. 90 टक्क्यांना नऊपट आणि 95 टक्क्यांना एकोणीसपट. आमच्याकडे मालकाला संगणकावर चालणारे महागडे व्हीएमसी मशीन रिकामे दिसले की चैन पडत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण त्याचा बँकेचा हप्ता चालू असतो. मात्र ते मशीन सतत गुंतवून ठेवण्यासाठी आज नको असलेला जॉब लावला जातो, त्याचे कास्टिंग आधी मागवावे लागते, आणि उद्या हवा असलेला जॉब त्याच्या मागे रांगेत उभा राहतो. सेटिंगचा, म्हणजे मशीन एका जॉबवरून दुसऱ्यासाठी तयार करण्याचा, वेळ कमी करण्याचे टोयोटाचे तंत्र इथे उपयोगी पडते, आणि हॅरिसच्या सूत्राशी त्याचे नाते सरळ आहे: सेटिंगचा खर्च चौथ्या हिश्श्यावर आला की बॅचचा योग्य आकार निम्मा होतो. फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारा साचा) आणि टूल आदल्या पाळीतच मशीनशेजारी ट्रॉलीवर लावून ठेवणे ही त्याची बिनखर्चाची पहिली पायरी आहे.

गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या शेड्यूलविषयीही थोडे लिहिले पाहिजे. साखळीत जसजसे मागे जावे तसतशी मागणीची उसळी वाढत जाते, हे फॉरेस्टर यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीसच दाखवले होते. 1997 मध्ये हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची चार कारणे मांडली: मागणीचा अंदाज प्रत्येक पायरीवर नव्याने काढणे, ऑर्डरी साठवून एकदम देणे, किमतींचे चढउतार, आणि टंचाईच्या भीतीने जादा मागणी नोंदवणे. त्यांपैकी शेवटचे कारण आमच्या ओळखीचे आहे. गिऱ्हाईक 800 नगांचे शेड्यूल पाठवते आणि उचलते 500. पुढच्या महिन्यापासून आम्ही 800 हा आकडा मनातल्या मनात 500 वाचतो, आणि ज्या महिन्यात त्याला खरोखर 800 हवे असतात त्या महिन्यात दोघांचीही पळापळ होते.

आपल्या जिल्ह्यात साठा करण्याची सोयच नसलेला एक मोठा धंदा आहे, तो उसाचा. तोडलेल्या उसाचे वजन आणि उतारा दोन्ही ताशी घटत जातात, म्हणून तिथे जादा माल ठेवून अनिश्चितता झाकता येत नाही. तोडणीचा कार्यक्रम, ट्रॅक्टरच्या खेपा आणि गव्हाणीचा वेग यांचा मेळ बसलाच पाहिजे. तो बसला नाही तर यार्डात ट्रॅक्टरांची रांग लागते आणि शेतकऱ्याचा ऊस गाडीतच वाळतो. फाउंड्रीवाल्यांनी हा धंदा जवळून पाहावा असे मला वाटते, कारण आपल्याकडे जे नुकसान ताडपत्रीखाली लपते ते तिथे वजनकाट्यावर उघड दिसते.

शेवटचा मुद्दा पैशाचा आहे. अनेक टप्प्यांच्या साखळीत साठा कुठे ठेवावा याचा पाया क्लार्क आणि स्कार्फ यांनी 1960 मध्ये घातला. त्या मांडणीत सगळ्या टप्प्यांचा खर्च एकत्र धरला जातो, जणू सगळ्यांचा खिसा एकच आहे. प्रत्यक्षात पुण्याच्या मोठ्या कारखान्याचा साठा कमी दिसतो, कारण तोच माल आमच्या खर्चाने त्यांच्या दारापाशी भाड्याच्या गोदामात ठेवायला लावलेला असतो आणि बिल तिथून माल उचलल्यावर फाटते. साखळीतला एकूण साठा तेवढाच राहतो. ज्याला बँकेचे व्याज जास्त पडते त्याच्याकडे तो सरकतो, एवढाच फरक. सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत असे 2006 चा कायदा सांगतो, आणि एप्रिल 2024 पासून प्राप्तिकराच्या तरतुदीने मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चातून वजा मिळणे थांबले आहे. पण हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजले जातात, आणि गोदामात पडलेला माल गिऱ्हाइकाच्या लेखी अजून स्वीकारलेलाच नसतो. म्हणून नव्या करारात गोदामात माल पोहोचल्यापासून तीस दिवसांत तो उचलला नाही तरी बिल करता येईल, असे कलम आम्ही आग्रहाने मागतो. दोन गिऱ्हाइकांनी ते मान्य केले आहे. तिसऱ्याशी बोलणे चालू आहे, आणि त्यांच्या खरेदी विभागाने आमच्याकडे गेल्या वर्षभराच्या उचलीचे तारीखवार आकडे मागितले आहेत.