मॉनिटरवर 72, हाताला 36

मॉनिटर 72 दाखवत होता आणि माझ्या बोटांखाली मनगटाला मिनिटाला 36 ठोके लागत होते. मी जळगावच्या एका खासगी हॉस्पिटलात ईसीजी टेक्निशियन आहे. मशीनचं आणि बोटांचं जमत नसेल तर आधी बोटांचं ऐकायचं, हे मला शिकवणाऱ्या सिस्टरांनी पक्कं घोटून घेतलंय.

पेशंट चोपड्याकडचे, सत्तरीतले केळीवाले शेतकरी. जुनी शुगर, बीपी, किडनी थोडी कमजोर. मे महिना, बाहेर पारा 45 च्या आसपास. आधी उलट्या-जुलाब झाले आणि मग पायातलं बळच गेलं. तिकडच्या दवाखान्याची चिठ्ठी सोबत होती: नाडी मंद, हार्ट ब्लॉक (हृदयातली वीज वाटेत अडणं), पेसमेकर लागेल. ईसीजी म्हणून मुलाच्या मोबाईलवर एक फोटो, घडी पडलेल्या कागदाचा, कोणती रेघ कुठल्या जागेची हे सांगणारी लीडची नावंच कापलेली. अशा फोटोंवर माझा कायमचा राग आहे. मूळ पट्टी पाकिटात घालून द्यायला असा काय वेळ लागतो?

"आबा, छातीत दुखतंय का?"

"नही रे भो. पायम्हा जीवच नही."

उन्हाळ्यात आमच्याकडे चांगला ईसीजी काढणं हे कष्टाचं काम आहे. घामानं जेली पातळ होते, तारेच्या टोकाचा, छातीला चिकटणारा बल्ब पकड सोडतो आणि रेघ वरखाली पोहायला लागते. मी बंडी वर करून छाती कोरडी केली, चौथ्या बरगडीखालची जागा बोटानं चाचपून पहिला बल्ब लावला. कूलर बंद करायला सांगितला तेव्हा नातेवाईक कुरकुरले. पण त्या मोटरीची थरथर रेघेत उतरली की हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बारीक पी वेव्ह तिच्यात हरवून जाते, आणि मला नेमकी तीच शोधायची होती.

ती नव्हतीच. खालच्या कप्प्यांची मोठी क्यूआरएस लाट एरवी अडीच-तीन बारीक चौकोनांत आटपते. इथे ती चारपाच चौकोन पसरली होती. तिच्यामागून येणाऱ्या टी वेव्ह अरुंद बुडाच्या, उंच, देवळाच्या कळसासारख्या टोकदार. हार्ट अटॅकच्या सुरुवातीलाही टी उंच होते, पण तिचं बूड रुंद असतं. मॉनिटर का फसला तेही कळलं. टी इतकी उंच होती की तो तिलाही ठोका म्हणून मोजत होता, आणि म्हणून 36 चे 72. मशीननं आपणहून छापलेला अर्थ होता 'अनिश्चित लय'. त्या ओळीवर विसंबून पेशंट पुढे पाठवणारे लोक आहेत, आणि ते मला अजिबात पटत नाही.

मी पट्टी घेऊन फिजिशियन मॅडमकडे अक्षरशः धावलो. त्यांनी एकदा बघितली आणि म्हणाल्या, "पोटॅशियम. कॅल्शियम ग्लुकोनेट भरा."

एरवी पोटॅशियम पेशीच्या आत भरपूर आणि बाहेर रक्तात लिटरला जेमतेम 3.5 ते 5 मिलिइक्विव्हॅलंट असतं. या फरकामुळेच हृदयाच्या स्नायूची पेशी विश्रांतीत आतून उणे 90 मिलिव्होल्टच्या आसपास राहते आणि पुढच्या ठोक्याला तयार असते. बाहेर पोटॅशियम साचलं की हा आकडा शून्याकडे सरकतो, ठोक्याची वीज सुरू करणारी सोडियमची दारं पूर्ण तयारीत येत नाहीत, वीज पेशीपेशींतून रेंगाळत जाते. मग लाट रुंद होते, ठोके मंदावतात आणि शेवटी हृदय थांबतं. बायपासच्या ऑपरेशनात सर्जन हृदय मुद्दाम थांबवतात, तेही पोटॅशियमच्याच द्रावणानं.

लॅबचा आकडा आला 8.1. वर लॅबवाल्यांचा फोन: सॅम्पल हिमोलाइझ झालं असेल, परत पाठवा. तांबड्या पेशी फुटल्या की आकडा खोटा वाढतो, हे खरंच आहे. पण मॅडम थांबल्या नाहीत. पट्टी खोटी नव्हती.

10 मिली कॅल्शियम हळूहळू शिरेत जात होतं आणि मी मशीन चालूच ठेवलं. तोच कागद, तीच लीड. चार-पाच मिनिटांत क्यूआरएस अरुंद व्हायला लागली, नाडी चाळिशी ओलांडून पन्नाशीकडे गेली. पोटॅशियम तेवढंच होतं. कॅल्शियम ते कमी करत नाही, पेशीला तेवढ्यापुरतं सावरतं आणि अर्धा-पाऊण तास मिळवून देतं. पाठोपाठ पोटॅशियम उतरवायला इन्शुलिन-डेक्स्ट्रोज, साल्ब्युटामॉलची वाफ, मग डायलिसिस. पेसमेकर लागला नाही.

ज्यांच्या नावाची आरएलची (रिंगर लॅक्टेट सलाइनची) बाटली आम्ही रोज टांगतो, त्या सिडनी रिंगर यांनी 1882-83 मध्ये लंडनमध्ये बेडकाच्या हृदयावर हेच पाहिलं होतं. नळाच्या पाण्यात केलेल्या द्रावणात हृदय आकुंचन पावत राही, शुद्ध पाण्यातल्या द्रावणात थांबे. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा होता. दर ठोक्याला थोडं कॅल्शियम पेशीत शिरतं, ते आतला मोठा साठा मोकळा करतं, तेव्हा स्नायूचे तंतू एकमेकांवर सरकतात.

आबांना भेटायला येणारा प्रत्येक जण केळ्याला दोष देत होता. मला ते मान्य नव्हतं. मध्यम केळ्यात साधारण 400 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं आणि धडधाकट किडनी ते सहज बाहेर टाकते. दुसऱ्या दिवशी ईसीजी काढताना सूनबाई सहज बोलून गेल्या, "मीठ तर केव्हाच बंद केलंय. पुण्याहून दिरांनी बीपीवाल्यांचं खास मीठ पाठवलंय." मी पाकीट आणायला सांगितलं. लो सोडियम मीठ. घटकांमध्ये पोटॅशियम क्लोराइड. आबा केळीला देतात त्या म्युरेट ऑफ पोटॅश खतामध्ये मुख्य घटक हाच. त्यात बीपीच्या गोळ्या टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन, दोन्ही पोटॅशियम अंगात धरून ठेवणाऱ्या. मग जुलाबानं पाणी कमी झालं आणि किडनी आणखी बसली.

पथ्य कुणी मोडलं नव्हतं. आबांनी गोळी चुकवली नाही, सुनेनं भाजी वेगळी शिजवली, मुलानं काळजीनं पाकीट पाठवलं. फाईलमध्ये 'मीठ कमी' असं तीनदा लिहिलेलं, कोणतं मीठ हे एकदाही विचारलेलं नाही. आमच्या केसपेपरवरही तो रकाना नाही. हे मला अजून सलतंय.

आता लीड लावताना मी बीपीच्या पेशंटला घरात मीठ कोणतं ते विचारतो. हे टेक्निशियनचं काम नाही, असं एक सहकारी म्हणाला. परवा एका मावशींच्या घरी तेच पाकीट निघालं. त्यांची किडनी चांगली आहे म्हणून मॅडमनी मीठ बंद केलं नाही, पण टेल्मिसार्टन चालू असल्यानं पोटॅशियम तपासायला पाठवलं. रिपोर्ट यायचाय.