१८ बाय १८ चा कागद आणि वर्गातलं भांडण

सणाची सुट्टी लागायच्या आधीचे एकदोन दिवस पाचवीला गणित शिकवायचं म्हणजे शिक्षकाची परीक्षाच, मुलं बाकावर असतात पण मन कधीच घरी जाऊन पोचलेलं असतं. त्यामुळे त्या दिवशी पुस्तक काढलंच नाही. सगळ्यांना एकेक कार्डशीट दिली, १८ सेमी बाय १८ सेमी, सगळ्यांची सेम, आणि सांगितलं की सुट्टीत कुणाला तरी भेट द्यायची तर तिची डबी आज आपण बनवायची. चारही कोपऱ्यांतून एकसारखे चौरस कापायचे, बाजू वर दुमडायच्या, कोपरे टेपने चिकटवायचे, झाली बिनझाकणाची डबी. चौरस किती सेमीचा कापायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं, डिझाइन तुमचं. अट एकच, रंग, चमकी, स्टिकर सगळं शेवटी. (ही अट मी कधीच सोडत नाही, चमकीची बाटली एकदा उघडली की पट्टीला कुणी हात लावत नाही आणि मग तो चित्रकलेचा तास होतो. चित्रकला चांगलीच, पण मग त्याला गणिताचा प्रोजेक्ट म्हणू नये.)

सुरुवात नेहमीसारखीच. कुणी पट्टीच्या कडेपासून मोजतंय, शून्य थोडं आत असतं हे माहीतच नाही, कुणी १ पासून मोजतंय. मी काही बोलले नाही. वहीत मी लाल पेनने गोल केला असता तर त्यांनी पान उलटलं असतं, पण इथे डबीची एक भिंत उंच नि शेजारची बुटकी झाल्यावर स्वतःच म्हणायला लागले, अरे माझं काहीतरी चुकलंय, आणि पाठकोऱ्या कागदावर पुन्हा आखायला बसले. एकाने तर चक्क ९ सेमीचे चौरस कापले, त्याच्या हातात चार चौरस आले आणि डबी गायब. तो आधी रडवेला झाला, मग सगळ्यांना दाखवत फिरला.

खरी मजा पुढे आली. टेबलावर बुटक्या, पसरट, उंच अशा सगळ्या डब्या मांडल्यावर मी सहज विचारलं, कुठल्या डबीत सगळ्यात जास्त मावेल? झालं, वर्गात तीन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणे कागद सगळ्यांचा सारखा म्हणजे मावणार पण सारखंच. दुसरी म्हणे ज्याने कमी कापलं त्याचा कागद जास्त उरला, म्हणून १ सेमीवाली डबी जिंकणार. तिसऱ्या पार्टीचं म्हणणं उंच डबीतच जास्त मावतं, बघूनच कळतंय की. आवाज इतका चढला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

मग १ सेमीचे ठोकळे काढले. ठोकळे मुद्दामच कमी ठेवले होते, सगळी डबी भरेल इतके नव्हतेच. ३ सेमी कापलेल्या डबीचा तळ १२ बाय १२, तो भरता भरताच ठोकळे संपले, आणि एक मुलगी, एरवी वर्गात फारसं बोलत नाही, ती म्हणाली, मॅडम सगळे कशाला भरायचे, एका बाजूला १२ लावा, दुसऱ्या बाजूला १२ लावा, म्हणजे एका थरात १४४, आणि असे ३ थर. ४३२! घनफळाचं सूत्र मी अजून फळ्यावर लिहिलंसुद्धा नव्हतं. त्या दिवशी ते लिहायची गरज पण पडली नाही, सगळे थर थर करत आपापल्या डबीचं गणित करायला लागले. १ सेमीवाली १६ बाय १६ चा एकच थर, २५६. २ सेमीची ३९२, ४ ची ४००, ५ ची ३२०. पहिली पार्टी गार, आणि उंच डबीवाले पण.

पण दुसरी पार्टी ऐकेना, म्हणून उरलेला कागद पण मोजायला लावला. पूर्ण कागद ३२४ चौरस सेमी. १ सेमी कापला की ३२० उरतो आणि त्यात मावतात २५६ ठोकळे. ५ सेमी कापला की २२४ च उरतो, तरी मावतात ३२०. कमी कागदात जास्त! हे फळ्यावर आलं तेव्हा दोन मुलांनी मी वजाबाकी चुकवली असं समजून स्वतः करून बघितली, आणि मला ते फार आवडलं. तेवढ्यात मागून प्रश्न, अडीच कापलं तर? १३ गुणिले १३ म्हणजे १६९, त्याची अडीचपट ४२२.५. आणि साडेतीन? ११ गुणिले ११ म्हणजे १२१, त्याची साडेतीनपट ४२३.५. दोन्ही ४३२ च्या खालीच. दशांश अपूर्णांक म्हटलं की तोंड वाकडं करणारी हीच पोरं, बरं का.

आता झाकण. बहुतेकांनी दुसऱ्या शीटचे तसेच ३ सेमी कापून अगदी डबीएवढंच झाकण केलं, आणि ते अर्थातच बसेना, कागदाला जाडी असते, घडी फुगते. मी म्हटलं झाकणाचा तळ ४ मिमी मोठा घ्या, १२.४. शीट तीच १८ ची, मग किती कापायचं? निम्म्या वर्गाने ३ मधून ०.४ वजा करून २.६ कापले, झाकण ढगळ. का ढगळ यावर मुलांचंच डोकं चाललं, कापणं दोन्ही बाजूंनी होतं, मग फरक अर्धा अर्धा वाटायला हवा, म्हणजे २.८. २.६ वाल्यांपैकी काहींनी नवीन शीट मागितली. एकाने मात्र आतून कागदाच्या पट्ट्या चिकटवून झाकण घट्ट बसवलं, "चालतंय की मॅडम" म्हणाला आणि चमकी मागायला आला.